खामगावच्या पापडांवरची काजळी

देऊळगाव राजाहून खामगावला लोक कामधंद्यासाठी किंवा लग्नाला जातात. मी गेलो काजळीसाठी. माझ्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, तिथे फुटाण्यांची भट्टी आहे. गल्लीतल्या पापड-कुरडयांवर काळे कण पडू लागले आणि सगळ्यांनी भट्टीकडे बोट दाखवले. सोमवारी नगरपालिकेचे साहेब येऊन ठरवणार होते, भट्टी गावाबाहेर हलवायची की नाही. हलली असती तर धंदाच बसला असता. गिऱ्हाईक सगळे गल्लीतले.

मी घड्याळे दुरुस्त करतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचे भिंगातून स्वतःच शिकलो. तेच भिंग, लोहचुंबक, काचेचे तुकडे आणि व्हॅसलीन पिशवीत टाकले नि निघालो.

चिखलीला एस.टी. बदलावी लागते. पुढचा रस्ता खडबडीत आहे, मागच्या बाकावर बसू नये. अमडापूरच्या स्टँडवर भजी जरूर खा. चहा सोडलात तरी चालेल.

पोचताच गच्चीवर व्हॅसलीन लावलेल्या काचा मांडल्या. शेजारच्या गोदाकाकू कठड्यावरून ओरडल्या, "काऊन हो भाऊ, माशा पकडून राह्यले का?"

"चोर पकडतोय, काकू."

"चोर तं खाली फुटाणे भाजून राह्यला!"

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली काचांवरच्या कणांच्या दोन जाती दिसल्या. एक पातळ पापुद्रा, बोटाने दाबला की पीठ. तो पऱ्हाटीचा; दाजी कपाशीच्या त्या वाळल्या काड्याच जाळतात. दुसरी टणक, चकाकणारी, जाळीदार. ती दगडी कोळशाची, आणि कोळसा जळतो गल्लीमागच्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या बॉयलरात.

सोमवारी साहेबांना आधी सांगितले, "थोडी काजळी भट्टीचीही आहे."

दाजी उसळले, "अहो, तुम्ही कोनाच्या बाजूचे?"

"भिंगाच्या."

मग म्हणालो, "दगडी कोळशात लोखंडाचा अंश असतो, पऱ्हाटीत जवळजवळ नसतोच," आणि कागदावर भट्टीची काजळी ओतून खालून चुंबक फिरवले. ढिम्म. कारखान्यामागची राख ओतली, तर तिच्यातले काळे कण चुंबकामागे मुंग्यांसारखे धावले. शेवटी काकूंच्या पापडांवरचे कण ओतले. बहुतेक सगळे धावले! साहेबांनी चुंबक माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवले. दोनदा.

"अगं माय! अन् आम्ही याईलेच बोल लावून राह्यलो," काकू म्हणाल्या.

"भट्टी इथेच राहील. धुराडे तेवढे उंच करा," असे सांगून साहेब तडक कारखान्याकडे वळले. दाजींनी माझ्या खिशात मावतील तेवढे फुटाणे कोंबले.

घरी आलो तर बायको म्हणाली, "खामगावात पाह्यासारखं एवढं असून तुम्ही काजळी पाहून आले!"

पाहून आलो खरा. नाव-गावासकट ओळखून आलो.