पुण्यात दिसणारी साखर

बाबांना साखरेचं दुखणं निघालं, तेव्हा घरी तपासायचं मशीन घ्यायचं ठरलं. कोणतं घ्यायचं ते दादानं ठरवलं. दादा पुण्याला असतो, आईबाबा दर्यापूरजवळच्या आमच्या गावी, आणि मी लग्न होऊन अमरावतीला. म्हणजे दुकानात जायचं मी, निवडायचं त्यानं.

औषधाच्या दुकानदारानं काउंटरवर दोन मशीनं मांडली. एक साधं, मोठ्या आकड्यांचं. त्याच्या पट्ट्या दर्यापुरातही मिळतात म्हणाला. दुसरं फोनला जोडायचं. बोट टोचून पट्टीवर थेंब लावला की आकडा आपोआप फोनमध्ये जातो आणि तिथून मुलांच्या फोनवर. मी व्हिडिओ कॉलवर दादाला दोन्ही दाखवली.

"साधंच बरं आहे," मी म्हटलं. "बाबाले वाचता येईन. पट्ट्याही जवळच भेटतात."

"पट्ट्या मी ऑनलाइन पाठवीन. मला रोजचा आकडा दिसला पाहिजे." पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले' सुटलं होतं.

"मंग रोज फोन करून इचारत जा ना."

"बाबा खरं सांगतात का कधी?"

दुकानदार आमच्या भांडणाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी फोनचं मशीन घेतलं.

बाबांनी सगळा जन्म शेवंती आणि झेंडू पिकवण्यात घालवला. बोटं इतकी राठ की सुई टोचली तरी रक्त येईना. आधी कोमट पाण्यात हात बुडवायचा, मग बोटाच्या कडेला टोचायचं, हे आईनं हळूहळू शिकून घेतलं. थेंब लागला, मशीन वाजलं, की पाठोपाठ पुण्याहून फोन.

"बाबा, हे काय? काल काय खाल्लं?"

"भाकर आन् वरण."

"खोटं बोलू नका. मला इथे दिसतंय."

गावात ज्या माणसाशी कुणी आवाज चढवून बोललं नाही, तो सकाळी उपाशीपोटी खाटेच्या कडेवर बसून पोराची बोलणी ऐकू लागला. एकदा कौंडण्यपूरच्या जत्रेत बाबांनी जिलबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दादानं आईलाही झापलं. फोन स्पीकरवर होता आणि शेजारीण ताक मागायला आलेली होती. ती हातातला रिकामा गंज तसाच घेऊन परत गेली.

मग आकडे सुधारले. रोजच चांगले येऊ लागले. दादानं नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेख टाकला, मशीनचं कौतुक लिहिलं, सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. त्याचे फोन मात्र बंद झाले. आकडा बरा असला की तो नुसतं हसरं तोंड पाठवायचा. त्याला काय उत्तर द्यायचं ते बाबांना कळायचं नाही.

मी बाबांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा दादानं तोच आलेख त्यांनाही पाठवला. एकदा लॅबमध्ये रक्त तपासून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. दादा फोनवरच होता. "रोजचं रीडिंग समोर आहे, डॉक्टर. पुन्हा त्यांना कशाला टोचायचं?" डॉक्टरांनी गोळी कमी केली. बाबा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, प्रवासानं थकलेत.

दसऱ्याचा झेंडू तोडताना बाबांच्या पायात काटा रुतला. जखम भरलीच नाही. मी गावी गेले तेव्हा खोलीत वास येत होता आणि पायाचं एक बोट काळं पडलं होतं. अमरावतीला दवाखान्यात नेलं. तिथे निघालेली साखर बघून डॉक्टर माझ्यावरच ओरडले. बोट कापावं लागलं.

ऑपरेशन चालू असताना आई बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ सरकली.

"ते रक्त माहं होतं," ती म्हणाली.

मला कळेना.

"तो फोनवर त्याईले लेकरासारखा रागवे. मले पाहवे ना. एक दिवस म्या माहं बोट टोचलं. आकडा चांगला आला. पोरगा गोड बोलला त्या दिवशी. मंग रोजच टोचलं."

"बाबाले मालूम होतं?"

"तेच म्हणत, आज बी तुहंच टोच." तिनं पदर तोंडाला लावला. "माह्या रक्तानं त्याईचं बोट गेलं व माय."

दादा दुसऱ्या दिवशी आला. दवाखान्याच्या दारातच मशीनला शिव्या देऊ लागला. कंपनीला सोडणार नाही म्हणाला, बाकावर बसून तक्रार टाइप करू लागला. आईला आत पाठवून मी त्याला सगळं सांगितलं. ती त्याला का भ्यायली, तेही सांगितलं. त्यानं अर्धवट टाइप केलेली तक्रार पुसली.

"म्हणजे मशीन बरोबरच होतं," तो म्हणाला.

मी उठून नळावर पाणी प्यायला गेले. तिथे उभी राहिले नसते तर त्याच्या अंगावर गेले असते.

बाबांशी तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. ते काय खातात ते सिस्टरला विचारून घेतलं, आईला पथ्य समजावलं. निघताना पाया पडायला वाकला, पायाच्या बँडेजवरचा डाग दिसला तसा मागे सरकला आणि उभ्यानंच हात जोडले.

"राहू दे बा," बाबा म्हणाले आणि पायावर चादर ओढून घेतली.