रमणीचेचीचा टॅब

ओट्टप्पालमच्या रमणीचेचीने, म्हणजे आमच्या रमणीताईने, मल्याळम शुद्धलेखन तपासणारी आमची प्रणाली लिहायला घेतली, तेव्हा ती एकटीच होती. पुढे आम्ही काही जण हौसेने जुळलो आणि वाद लागला तो कोडची ओळ आत कशी सरकवायची यावर. चेचीला टॅब, म्हणजे एकाच कळीने पडणारी मोकळी जागा, हवा होता. त्याची रुंदी प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर कमीजास्त करता येते. कोच्चीच्या जोबीला चार स्पेस हव्या होत्या, म्हणजे सगळ्यांना सारखंच दिसेल.

कितीतरी रविवार ऑनलाइन मीटिंगमध्ये हेच चाललं. जोबी तिला टाइपरायटरवाली म्हणून चिडवायचा, तीही त्याचा एकेक मुद्दा खोडून काढायची. शेवटी मतं घेतली. टॅब हरला. "ठीक आहे," एवढंच चेची म्हणाली.

मग तिचं काम कमी होत गेलं. रुसली असेल, असं आम्ही धरून चाललो.

ओणमनंतर ओट्टप्पालमला एका लग्नाला गेले होते, तेव्हा तिच्याकडे डोकावले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दोहाला. कपाच्या काठाला बोट लावून तिने चहा ओतला. आत संगणक चालू होता. अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर जेमतेम चार शब्द मावत होते, त्यातही निम्मी जागा ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसनी खाल्लेली.

"नजर जातेय," ती म्हणाली. "टॅब मी एका अक्षराएवढा करून घ्यायचे."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस, चेची?"

"सांगितलं असतं तर लगेच ऐकलं असतंत. मला वादात जिंकायचं होतं गं."

मी फार आग्रह केला, तेव्हा तिने गटाला दोन ओळी लिहिल्या. जोबीने त्याच संध्याकाळी सगळ्या फाइलींत पुन्हा टॅब घातले आणि तिची माफी मागितली.

चेची जोमाने कामाला लागली. पण आता तिला कुणी चिडवत नाही. ती काहीही सुचवो, जोबी म्हणतो, "चेची म्हणते तसं करू." तिच्या चुका तर कुणीतरी न बोलता दुरुस्त करून टाकतं.

मध्यंतरी तिचा फोन आला. "या रविवारी मी मुद्दाम चुकीचं बोलले. जोबीसुद्धा हो म्हणाला."

भात लागेल म्हणून तिने फोन ठेवला.