फुगे लावलेली तिरडी

माझे सासरे गेले त्या दिवशी चंदीगडात कर्फ्यू होता. आदल्या संध्याकाळी कुठेतरी गोळीबार झाला होता. अतिरेक्यांच्या त्या वर्षांत तसं होतच असे आणि आम्ही मुकाट्याने दारं लावून बसत असू. सासरे पहाटे झोपेतच गेले.

माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन आम्ही इथे आलेलो. थोरले दीर पुण्यात, स्वतःच्या बंगल्यात. पण वडील राहायला आमच्याकडे, कारण "बाबांना पंजाबची कोरडी हवा मानवते" हा शोध दिरांनी पुण्यात बसून लावला होता. नवऱ्याने त्यांना फोन लावला. ते खूप रडले. मग म्हणाले, "मी आत्ता निघालो असतो रे, पण तिकडची परिस्थिती बघ ना! जिवाला धोका आहे." वडिलांना आमच्याकडे धाडताना ही परिस्थिती त्यांना दिसली नव्हती. शेवटी बजावलं, "सगळं आपल्या पद्धतीने झालं पाहिजे हं. तिकडचं काही नको."

आपल्या पद्धतीचं सामान आणायचं कुठून? आमच्या मागच्या मार्केटात एक लालाजी अंत्यसंस्काराचं सामान विकत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. बायको कफन शिवायची, दोन मुलं बांबू बांधायची. नवरा मागच्या गल्लीतून लपत गेला आणि लालाजींना घेऊन आला. लालाजींनी सासऱ्यांना हात जोडले आणि मला विचारलं, "पोते हैं, बेटी?"

"हैं जी."

"पड़पोता?"

"एक है. पूना में."

लालाजींचा चेहरा उजळला. "फिर तो बाऊजी पूरे होकर गए! बबान सजेगा जी."

बबान म्हणजे काय ते तासाभराने कळलं. पतवंड पाहून गेलेल्या म्हाताऱ्याची तिकडे सजवलेली तिरडी निघते. लालाजींच्या मुलांनी आमच्या अंगणात आणली तिला झिरमिळ्या होत्या, लाल-पिवळे कागद होते आणि चारी कोपऱ्यांना फुगे. वर उधळायला मखाने आणि खारका. लालाजी मात्र खजील होते. "बैंड नहीं ला सका जी. कर्फ्यू है."

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. सासरे आजारी असताना ते एकदाही फिरकले नव्हते. आता संस्कृतीच्या रक्षणासाठी भिंतीवरून उडी मारून आले. "वहिनी, हे काय? वाढदिवस आहे का? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" मी विचारलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

पोलिसांनी मयताची गाडी आणि मोजकी माणसं सोडायचं कबूल केलं. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती, म्हणून मीही पदर खोचला. सेक्रेटरी कळवळले, "आपल्यात बायका जात नाहीत हो!"

त्यावर कफन घेऊन आलेली लालाजींची बायको ताडकन म्हणाली, "तो कौन जाएगा? पूनेवाला?" आणि माझा हात धरून मला गाडीत चढवलं. मागोमाग सेक्रेटरीही चढले.

नाक्यावर जवानांनी गाडी थांबवली, तिरडी खाली उतरवून तपासायला लावली. ऊन रणरणत होतं. एक जवान वाकून झिरमिळ्यांखाली बघतोय तेवढ्यात फट्‌ असा मोठा आवाज झाला. सगळ्यांच्या बंदुका आमच्यावर रोखल्या गेल्या. सेक्रेटरी क्षणात तिरडीपलीकडे आडवे झाले, सासऱ्यांची ढाल करून.

लालाजी हात वर करून ओरडले, "गुब्बारा है जी! गुब्बारा!"

जवानांनी बंदुका खाली केल्या. मला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसताच मी त्या सकाळपासून पहिल्यांदा रडले. सेक्रेटरींनी उठून पँट झटकली आणि स्मशानापर्यंत संस्कृतीचं नाव काढलं नाही. नवऱ्याने अग्नी दिला. लालाजींनी मंत्र म्हटले. ते आपले की तिकडचे, कोणी विचारलं नाही.

पंधरवड्याने आम्ही अस्थी घेऊन नाशिकला गेलो. दीर तिथे अगोदरच येऊन थांबले होते, सगळं नातेवाईकमंडळ गोळा करून. घाटावर त्यांनी असा काही हंबरडा फोडला की त्यांना भोवळच आली. कोणी पाणी आणलं, कोणी पदराने वारा घातला. "थोरल्याचा फार जीव होता हो वडिलांवर," एक आत्या मला म्हणाली. माझा नवरा कलश छातीशी धरून बाजूला उभा होता. त्याला कोणी बसा म्हटलं नाही. शेवटी मीच एका बाईला सरकायला सांगून त्याच्यासाठी पायरीवर जागा केली.