अस्वलाची संध्याकाळ

जुन्या छोट्या कार्टूनमध्ये एखादे पात्र आपटण्यापूर्वी त्याच्या मागच्या भिंतीचा रंग बदलतो का? हा प्रश्न मी आपण होऊन हाती घेतला नसता. तो मला आमच्या थोरल्या साडूंनी नेमून दिला. कार्टून इतक्या गांभीर्याने पाहणारा गृहस्थ अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा नाही. ते आवाज बंद करूनच पाहतात. "संगीत सगळं आधीच फोडतं, म्हणजे परीक्षेतली कॉपी. उत्तर रंगातून आलं पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. भिंत लालसर झाली, की पात्राच्या आधी तेच सोफ्याचा हात घट्ट धरतात. आणि बहुतेक वेळा पात्र खरोखर आपटते. हाच नियम ते घरालाही लावतात. ताईंनी, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीने, विटकरी साडी नेसली, की त्या दिवशी आमटीतल्या मिठाविषयी ते मौन पाळतात. सोसायटीच्या सभेत जिन्याला लाल रंग ठरत होता, तेव्हा ते उठून म्हणाले, "लोक धावत सुटतील. आकाशी लावा."

"काका, जिना आहे हा, कार्टून नाही," सेक्रेटरी म्हणाला.

"फरक सांग."

जिना आकाशी झाला.

त्यांच्या सर्वांत लाडक्या कार्टूनमध्ये एक अस्वल जत्रेहून एकटे घरी परतते, एवढीच गोष्ट आहे. त्याच्या मागच्या आभाळाकडे बोट दाखवून साडू दर वेळी सांगत, "बघा, मधासारखी संध्याकाळ! स्वारी खूश आहे." ताई शेजारी बसून मटार सोलत असत. पुढे साडूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला; आधी उजव्यातला काढला. पट्टी निघाल्यावर त्यांनी अस्वल लावले, आणि आभाळ करड्या निळ्या रंगाचे निघाले! त्यांनी उजवा डोळा झाकला : मध. डावा झाकला : निळे. मोतीबिंदूमुळे सगळे पिवळट दिसते, असा डॉक्टरांनी खुलासा केला. त्याच दिवशी साडूंनी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन रद्द केले.

मी समजूत घालायला गेलो. "या डोळ्यात अजून ती संध्याकाळ आहे," ते म्हणाले. "ती मी काढू देणार नाही."

"आणि परवासारखी पायरी चुकून गडगडलात म्हणजे?" ताई म्हणाल्या. मग मटारांचे ताट बाजूला ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मला ती पहिल्यापासून निळीच दिसते. एकटं चाललंय बिचारं. तुम्ही इतक्या खुशीत सांगायचात, म्हणून बोलले नाही कधी."

साडू ताईंकडे वळले. "म्हणजे इतकी वर्षं तू एकटीच उदास होऊन बघत होतीस?"

"एकटी कुठे? तुम्ही होतात की शेजारी."

डावा डोळाही झाला. हल्ली भिंतीचा रंग बदलू लागला, की सोफ्याचा हात धरण्यापूर्वी साडू विचारतात, "तुला कुठला दिसतोय गं?"

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर : बहुधा बदलतो. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. एखादे जुने कार्टून लावा, आवाज बंद करा आणि भिंतीकडे लक्ष ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाला कोणता रंग दिसतो, तेही एकदा विचारून घ्या.