फुल रेंजमध्ये गप्प बसलेली माणसं

आमच्या वस्तीचं नेटवर्क सुधारणार आहे, ही बातमी वस्तीला सगळ्यात शेवटी कळली. कंपनीनं मेसेज पाठवला होता म्हणे: आपल्या परिसरात काम सुरू आहे, थोड्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. पण टॉवरवरची जुनी यंत्रं आधी उतरवली आणि मेसेज नंतर सोडला. त्यामुळे तो बाजारात गेलेल्यांना मिळाला. घरी बसलेल्यांना फक्त गैरसोय मिळाली.

ही गोष्ट कंपनीची नाही. कंपनीच्या गोष्टी सांगायला तिच्याकडे पगारी माणसं आहेत. ही थोरलीची गोष्ट आहे.

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. नवरे रंगारी, एकाच घरात दोन चुली. दोघी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात बदली कामगार. बदली म्हणजे काय ते ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यासाठी सांगते. कायम कामगार आजारी पडला, दांडी मारली, मेला, की त्या दिवसापुरतं काम बदलीला. कुणीच आजारी पडलं नाही तर बदलीनं घरी बसून लोकांच्या तब्येतीला शिव्या द्यायच्या. सेवेच्या क्रमानं यादी असते. पहाटे टाइमकीपर यादीतल्या पहिल्या नंबराला फोन लावतो. उचलला तर ड्यूटी त्याची, नाही उचलला तर दुसऱ्याला. वर्षभरात ठरलेले दिवस भरले की बदलीला कायम करतात. एक दिवस कमी पडला की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. सापशिडीच, फक्त यात शिड्या हॉस्पिटलच्या ताब्यात.

थोरली यादीत पहिली होती. केसांत चांदी आली तेव्हा कुठे पहिली आली. त्या वर्षी तिचे दिवस भरत आले होते, बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि वर्षही तेवढंच उरलं होतं. अशा मुहूर्तावर कंपनीला आमच्या सुधारणेची हुक्की आली.

पहिल्या दोन खाड्यांना थोरलीला वाटलं, कामच नसेल. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच निघाली आणि टाइमकीपरच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली.

"फोन लागत नाही तुमचा," टाइमकीपर म्हणाला.

"म्हणून तर आले. समोर उभी आहे."

त्यानं तिच्यादेखत नंबर लावला. फोन स्पीकरवर टाकला. फोनमधली रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात म्हणाली, आपण ज्या ग्राहकाशी बोलू इच्छिता ते सध्या नेटवर्क क्षेत्राबाहेर आहेत.

"ऐकलंत?" टाइमकीपर म्हणाला.

"मी तुमच्या नाकासमोर आहे हो."

"ते दिसतंय. पण नियमात फोन आहे, नाक नाही."

थोरलीनं पिशवीतून फोन काढून बघितला. वस्तीतून निघताना गेलेली रेंज परत यायला त्या म्हाताऱ्या बटणाच्या फोनला वेळ लागायचा. तो जागा होईपर्यंत टाइमकीपरनं यादीत खाली ज्याचा फोन लागला त्याला बोलावलं होतं.

ती सरळ माझ्याकडे आली. वस्तीतले अर्ज, तक्रारी, भांडणं माझ्याकडे येतात, कारण मला कुणाला साहेब म्हणता येत नाही. मी बाजाराजवळच्या चौकातून, जिथे रेंज होती, कंपनीकडे तक्रार नोंदवली. पोचही मिळाली. आठवड्यानं मी पुन्हा चौकात गेले तेव्हा कळलं की तक्रार बंद झाली आहे. कारण असं की, फोन लागत नसल्याच्या तक्रारीबाबत कंपनीनं तक्रारदाराला फोन करून पाहिला, पण तो लागला नाही. वाचून मी एवढी तापले की मोर्चाच काढायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं, माणसं गोळा करायला फोन लागतात.

मग रेंज शोधायची शर्यत सुरू झाली. सार्वजनिक संडासाच्या रांगेत, तिसऱ्या दारापाशी, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. पहाटे तिथे एकच रांग लागायची, आणि कोण कशासाठी उभं आहे ते विचारल्याशिवाय कळायचं नाही.

"तुमचं काय, पोट की फोन?"

"फोन."

"मग बाजूला व्हा की, माझा जीव चाललाय."

"माझी ड्यूटी चाललीये, तुझं थांबेल थोडं."

थोरली तिसऱ्या दारापाशी अंधार असल्यापासून उभी राहायची. नाकाला पदर, कानाला फोन. लोक म्हणायचे, हिला हगवण लागली की नोकरी. तिथे उभी राहून तिनं उरलेल्यांपैकी बऱ्याच ड्यूट्या ओढून आणल्या. धाकटी तिच्या मागे, कारण यादीतही ती मागेच.

आणि एक दिवस सुधारणा खरंच झाली. खोटं कशाला बोलू, झाली. मडकं ठेवायच्या कोपऱ्यातसुद्धा काड्या पुऱ्या. कंपनीचे दोन साहेब आले, गल्लीत उभे राहून एकमेकांनाच फोन लावले, "आवाज छान येतोय" असं तीन हातांवरून एकमेकांना सांगितलं, फोटो काढले आणि गेले. थोरलीनं त्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या फोन उचलला. टाइमकीपरचा आवाज इतका स्वच्छ आला की तो दात कोरत बोलतोय हेही कळलं.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबाच्या डोक्यात उजेड पडला. आता सगळीकडे फुल रेंज आहे ना, मग यादी घेऊन एकेकाला फोन कशाला लावत बसायचं? एक ग्रुप करा. पहाटे मेसेज टाका. जो पहिला अंगठा पाठवेल त्याची ड्यूटी. यादी गेली कचऱ्यात. सूचनेत लिहिलं होतं, सर्वांना समान संधी. गरिबाच्या हातचं काही काढून घ्यायचं असलं की हे दोन शब्द आधी येतात. आमच्या आयांनी जन्मभर कागदांवर अंगठे उठवले, म्हणून त्यांनी आम्हाला हट्टानं पाटी घेऊन दिली. आणि आता पोटासाठी पुन्हा अंगठाच.

थोरलीच्या नवऱ्यानं कुठूनसा जुना, काचेला तडा गेलेला मोठा फोन आणला. पण फोन तिची बोटं ओळखेना. धुलाईघरात सोडा, ब्लीच आणि उकळतं पाणी यांत इतकी वर्षं काढली की बोटांची टोकं घासून कवडीसारखी गुळगुळीत झालेली. ती काचेवर टोचायची, काच ढिम्म. तोवर ग्रुपवर अंगठा उठलेला असायचा. कुणाचा? धाकटीचा. भिंतीपलीकडून.

चार पहाटा धाकटीनं मारल्या. त्या घरात मग बोलणं कमी आणि भांडी जास्त वाजायला लागली.

"जाऊबाई, रागावलात का?" धाकटीनं विचारलं. मी तिथेच बसले होते.

"छे गं. देवानं बोटं दिलीत, वापर."

"मी नाही दाबलं तर दुसरं कुणी दाबणार. त्यापेक्षा घरातली बरी."

"हो ना. चोर कसा, घरातला असला की शोधावा लागत नाही."

"अहो, माझ्याही पोरींच्या फिया आहेत."

"मी कुठे म्हटलं नाहीत? माझे दिवस राहिलेत तेवढे सांगू का तुला, की तुला पाठ आहेत?"

धाकटीला पाठ होते. ती उठून भांडी घासायला गेली.

धाकटीचं राज्यही फार टिकलं नाही. पलीकडच्या गल्लीत इस्त्रीच्या मशिनवरचा एक बदली राहतो, त्याला सगळे बुलेट म्हणतात. नुकता लागलेला, फोन कोरा, बोटं त्याहून कोरी. तो फोन छातीवर ठेवून झोपायचा. त्याचा अंगठा इतका हुशार की टाइमकीपरनं नुसतं 'शुभ सकाळ' टाकलं तरी बुलेटचा अंगठा हजर. सलग त्यानंच ड्यूट्या खायला सुरुवात केली, तेव्हा धाकटीला यादीची आठवण झाली. अन्यायाचं असंच असतं. तो शेजारणीवर झाला तर नशीब, आपल्यावर झाला तर अन्याय.

"यादी होती तेच बरं होतं," ती म्हणाली.

"आलीस का जागेवर," थोरली म्हणाली. "चल, सगळ्यांना बोलवू."

बदली कामगार माझ्या खोलीत जमले. मी मोर्चा, फलक, घोषणा असं सगळं मांडलं. थोरलीनं मला मध्येच थांबवलं.

"तुझा मोर्चा ठेव जरा. मोर्चा बघून टाइमकीपर खिडकी लावून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी मोर्चात कोण होतं ते विचारतो. सोपं करू. पहाटे मेसेज आला की सगळ्यांनी उघडायचा, वाचायचा. अंगठा कुणी द्यायचा नाही. यादीत ज्याचा नंबर, त्याला फोन येईपर्यंत गप्प."

"आणि फोन नाहीच आला तर?" बुलेटनं विचारलं. "मला काय मिळणार यात? माझा नंबर शेवटचा."

"आज शेवटचा. तू काय जन्मभर नवा राहणारेस?"

"ते बघू नंतर."

थोरली उठून त्याच्याजवळ गेली. "फोन दे तुझा."

त्यानं दिला. तिनं त्या कोऱ्या काचेवर बोट ठेवलं. काही हललं नाही. दुसरं ठेवलं. मग अंगठा. मग दुसऱ्या हाताचा अंगठा. खोलीत सगळे बघत होते.

"काच खराब नाही ना?" तिनं विचारलं.

"नवीन आहे," बुलेट म्हणाला.

"मग बोटं खराब. मी लागले तेव्हा तुझ्यासारखीच होती. घे."

बुलेटनं फोन पँटला पुसला, उगाच. स्वतःची बोटं एकदा उलटून बघितली. "किती दिवस गप्प राहायचं?" त्यानं विचारलं. एवढ्यावर सभा संपली. माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांनी एवढं काम केल्याचं मला आठवत नाही. असो.

दुसऱ्या पहाटे मी थोरलीच्या खोलीत धाकटीच्या शेजारी बसून तिच्या फोनमध्ये डोकं घातलं. मेसेज आला: धुलाईघर, एक जागा. एकामागून एक सगळ्यांनी उघडला. टाइमकीपरला निळ्या खुणा दिसल्या असणार. अंगठा एक नाही.

'कोणी आहे का?' त्यानं टाकलं. सगळ्यांनी वाचलं.

'नेटवर्क चालू आहे ना?' सगळ्यांनी वाचलं.

'ऑपरेशनच्या चादरी पडून आहेत. उत्तर द्या.' सगळ्यांनी वाचलं. बुलेटनं तर सगळ्यात आधी वाचलं.

धाकटीचा अंगठा काचेपासून वीतभरावर आला होता. तिनं तो दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि थोरलीकडे बघितलं. थोरली चुलीपाशी शांत बसली होती, पण सिम परत घातलेला बटणाचा फोन मांडीवर होता आणि नजर त्याच्यावरून हलत नव्हती. आज चुकलं तर तिचं वर्ष गेलं असतं, हे त्या घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

मला तेव्हा कंपनीचे मनापासून आभार मानावेसे वाटले. रेंज नसताना आम्ही गप्प बसलो असतो, तर टाइमकीपर म्हणाला असता, फोन लागत नाहीत. फुल रेंजमध्ये एवढी माणसं वाचून गप्प बसली की त्याला संप म्हणतात. असा स्वच्छ, खणखणीत संप वस्तीत कधी झाला नव्हता. एक फलक नाही, एक घोषणा नाही. मला जरा वाईटच वाटलं.

फोन वाजला. थोरलीचा.

"बोला."

"अहो, ग्रुप बघितला का?" आवाज घरभर ऐकू येत होता.

"ग्रुप मला उघडत नाही. माझी बोटं चालत नाहीत."

"मग या लवकर. चादरींचा डोंगर झालाय."

"येते. यादीप्रमाणे बोलावताय ना?"

त्यानं सुस्कारा सोडला. तोही स्पष्ट आला. "हो बाई, यादीप्रमाणे. या."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"बरं. मग उद्याही सगळे वाचतील."

तिनं फोन ठेवला आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आलाच नाही, यादीप्रमाणे फोन आले. मोठ्या साहेबानं सूचना काढली की, कामगारांच्या सोयीसाठी नवी पद्धत राबवण्यात येत आहे. नवी म्हणजे जुनीच. साहेबांना माघार घेता येत नाही, त्यांना फक्त राबवता येतं.

थोरलीचे दिवस भरले. अगदी काठावर, पण भरले. ज्या दिवशी कायम झाल्याचा कागद हातात आला, त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ कागद उलटासुलटा बघत राहिली. धाकटीनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. दोघींच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं असेल तर मी बघितलं नाही. मला दिसलं ते हे की धाकटी शेजारी बसून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "म्हणजे तुमचं नाव बदलीच्या यादीतून गेलं ना?"

"गेलं."

"नक्की?"

"नक्की गं. आता पहिला नंबर तुझा."

धाकटीनं उठून फोन चार्जिंगला लावला.