गॅलरीत धरलेलं पांढऱ्या कांद्याचं बी

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला पांढऱ्या कांद्याची माळ टांगलेली असते. त्यातले सगळ्यात सुरेख कांदे खायचे नाहीत, हा सासूबाईंचा कायदा. ते बियाण्याचे. घरात कांदा असताना मी कल्याणच्या बाजारातून लाल कांदा उचलून आणायचा, याचा मला भयंकर राग यायचा, आणि मी तो लपवायचेही नाही.

हे बी त्यांच्या आईचं. मुरबाडकडे त्यांच्या माहेरी भातकापणी झाली की त्याच शेतात कांदा लावतात; आमची माळ तिथलीच. पूर्वी सगळं शेत, मग अर्धं, मग घरामागचे थोडे वाफे. उताराही घटत गेला. ऐन काढणीत अवकाळी पाऊस, आणि माळा विणायला माणसं कुठली? गेल्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, यंदा कांदा लावत नाही."

"आणि बी?" एवढंच त्यांनी विचारलं. कांद्याचं बी फार तर वर्षभर टिकतं. एक हंगाम चुकला की आईचं बी संपलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीवाल्या मावशींकडून थर्माकोलचे खोके मागून आणले. माती मी आणली, कुरकुरतच. माळेतले राखलेले कांदे गॅलरीत पुरले गेले आणि माझी कपडे वाळवायची जागा गेली.

"आई, आता टॉवेल डोक्यावर वाळवू का?"

"वाळव की. ऊन छान आहे," त्या म्हणाल्या.

थंडी सरताना दांडे वर आले, त्यांवर पांढरे गोंडे फुलले. पण मधमाशी एक फिरकेना. टाकीखालचं पोळं सोसायटीने नुकतंच काढून टाकलेलं. माशी नाही तर बी धरायचं कसं? सासूबाईंचा हात हल्ली कापतो, दांडा मोडायची भीती. त्यांनी माझा हात धरला, तळवा एका गोंड्यावरून हलकेच फिरवला, मग तोच दुसऱ्यावर. "असं रोज करायचं. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतेस तसं."

मग रोज सकाळी तेच. वागळे इस्टेटच्या ऑफिसात पोचले तरी हाताला कांद्याचा वास. पहिले काही दिवस मी हात साबणाने घासायचे, नंतर सोडून दिलं. खरं सांगते, मला ते आवडायला लागलेलं.

गोंडे सुकले, चोळले, पाखडले. काळंभोर बी निघालं, जेमतेम मूठभर. भाऊ न्यायला आले तेव्हा हसले, "ताई, यात एकच वाफा होईल."

"एकच लाव. पण लाव."

यंदा कापणीनंतर भावाचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला. "ताई, रोप उगवलंय. दाट उगवलंय. आईचं बी राहिलं गं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "आईचं काय म्हणतोस," त्या म्हणाल्या, "आता माझ्या सुनेचं म्हण."

मी कणीक मळत होते. माझे हात तसेच परातीत राहिले.