रोझेरचा तिसरा ठोका

माझा भाऊ रोझेर पाव विकत घेतानासुद्धा तो उलटा करून बोटाने ठोकतो. चर्चमध्ये बसण्याआधी बाक ठोकतो. एकदा मावशीच्या शवपेटीवरही त्याने टकटक केलं, तेव्हा मी चारचौघांत त्याच्या दंडाला चिमटा काढला. लोक हसतात. हसू देत मेले. तो कसला आवाज शोधतो ते त्यांना ठाऊक नाही.

आमच्याकडे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून माणसं घरी पोचतात, आणि तेच मीठ गाड्या खातं. पिकअप वरून चकचकीत दिसते, पण जिच्यावर ती सगळी उभी, ती खालची चासी आतून पोखरलेली असते. बटाट्याच्या शेतातली माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते आणि खारं पाणी धरून ठेवते. गंज बाहेर दिसतो तोवर आत त्याचं जेवण उरकलेलं असतं. म्हणून दरवर्षी तपासणी. पास झाली तर काचेवर स्टिकर, नाही तर गाडी अंगणात, आणि गाडी अंगणात म्हणजे तुम्हीही अंगणात.

तपासणीचं गॅरेज आधी आमच्या बापाचं होतं, आता रोझेरचं. मी काउंटरवर. स्टिकरच्या ड्रॉवरची किल्ली माझ्या गळ्यात असते. रोझेर गाडीखाली जातो आणि छोट्या हातोडीने चासी ठोकत जातो. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं भद् वाजतं. एवढीच विद्या. पण असा खडूस तपासनीस पंचक्रोशीत मिळायचा नाही.

"अरे, अजून एक हिवाळा काढेल की ही," लोक गयावया करतात.

"गाडी काढेल," रोझेर म्हणतो. "तू काढशील का ते बघ."

तो पहिल्यापासून असा नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी आमचा धाकटा भाऊ ऑरेल त्याची पिकअप घेऊन तपासणीला आला. रोझेर गाडीखाली गेला, बाहेर आला, काचेवर स्टिकर चिकटवलं आणि ऑरेलशी एक शब्द न बोलता हात धुवायला निघून गेला. जानेवारीत ऑरेल बटाट्याची पोती भरून निघाला. नदीच्या वळणावर मागच्या चाकाच्या स्प्रिंगचा पाटा चासी फाडून वर आला आणि गाडी आडवी होऊन गोठलेल्या नदीवर गेली. तिथला बर्फ तेवढं वजन पेलणारा नव्हता. त्याची बायको जेर्मेन तेव्हा तिशीची होती, मुलगी मिरेय सात वर्षांची.

जमीन गोठलेली, म्हणून त्याला पुरलं मे महिन्यात. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी कुट्टूची धिरडी घालत होते आणि रोझेर तव्याकडे बघत बोलायला लागला.

"मागच्या बाजूला चासीवर ताजा काळा रंग होता, क्लो. डांबरासारखा."

मी उलथणं खाली ठेवलं. आमच्या धंद्यात ताज्या काळ्या रंगाचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. सडका भाग झाकून तपासनिसाला उल्लू बनवायचं. शिवाय रंगाखाली मीठ कोंडलं की चासी दुप्पट वेगाने सडते.

"मी दोनदा ठोकलं आणि रंग दिसला," तो म्हणाला. "सख्खा भाऊ मला फसवतो. मागितलं असतं तर मी फुकटात नवं लोखंड जोडून दिलं असतं. इतका राग आला की खरवडून बघितलंच नाही. फसवायचंय ना, घे, म्हटलं. आणि दिलं चिकटवून."

त्यानंतर घरच्या कुणाच्याही गाडीला त्याने हात लावला नाही. जेर्मेन शेजारच्या गावातल्या गॅरेजात जायला लागली. तिला वाटायचं, भावाच्या आठवणीने ह्याला सोसवत नाही. दर रविवारी ती त्याच्यासाठी कोंबडीचं सूप पाठवायची. तो आधी भांडं ठोकायचा, मग खायचा. ऑरेलचं नाव निघालं की उठून जायचा. मेलेल्या भावावर एवढा राग धरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याहून जास्त राग त्याचा स्वतःवर होता.

हिवाळा त्याला खायला उठायचा. गॅरेजच्या पत्र्यावरून बर्फाचा थर घसरून खाली पडतो तेव्हा आवाज होतो, भद्. दिवसातून चार वेळा होतो. दरवेळी रोझेर बोलता बोलता थांबायचा, हातातला पाना तसाच धरून, मान तिरकी करून. गिऱ्हाइकांना वाटायचं म्हातारा बहिरा झाला. मी दार उघडून बर्फ दाखवायचे. "बघ, बर्फ आहे." तो मान हलवायचा, पण त्याचा विश्वास बसलेला नसायचा. गाडी वर उचलायच्या रिकाम्या लिफ्टखाली जाऊन उभा राहायचा, वर बघत.

ह्या नोव्हेंबरात शेजारच्या गावच्या तपासनिसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मिरेय आता नर्स आहे, तिचं हॉस्पिटल चाळीस मैलांवर, आणि तिच्या जुन्या पिकअपचं स्टिकर महिनाअखेरीला संपत होतं. एका सकाळी जेर्मेनच ती गाडी घेऊन दारात हजर झाली.

"मला माहितीये तू घरचं काम घेत नाहीस," ती म्हणाली. "पण पोर रोज त्याच नदीच्या रस्त्याने जाते. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

रोझेर माझ्याकडे बघायला लागला. मी कागद चाळत बसले. शेवटी त्याने गाडी लिफ्टवर घेतली. जेर्मेन खुर्चीत बसली नाही, लिफ्टजवळच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

टण्ण. टण्ण. मग मागच्या चाकाच्या वर त्याचा हात थांबला. तिथे ताजा काळा रंग होता, बोटाला लागत होता.

"हा कोणी लावला?"

"मी," जेर्मेन म्हणाली, अगदी शाबासकीची वाट बघत. "गेल्या शनिवारी. पाठीचा काटा ढिला झाला माझा. मिरेयला वेळ कुठे असतो. म्हटलं गंजाला वावच नको द्यायला."

रोझेरने काळं झालेलं बोट पँटला पुसलं.

"ऑरेलच्या गाडीलाही मीच लावायचे," ती बोलत राहिली. "त्याची कंबर धरलेली असायची ना, त्याला पत्ताही नसायचा. शेवटच्या वर्षी तर दोन हात दिले होते. तू बघणार होतास, नावं ठेवायला नकोत म्हणून."

मी काउंटरवरून उठले होते. रोझेर लिफ्टखाली हातोडी धरून उभा होता आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. एकोणीस वर्षं ज्या लबाडीसाठी तो भावाला माफ करत नव्हता, ती भावाने केलेलीच नव्हती. ही समोर उभी होती, तिने मायेने केलं होतं, आणि तिला अजूनही कळलेलं नव्हतं की काय केलं.

"मिरेयच्या गाडीला पुन्हा लावू नकोस," तो म्हणाला.

"का रे?"

"ह्या अलीकडच्या लोखंडाला तो सोसत नाही. खाली मीठ अडकतं. जुनं ऑइल फवारायचं आणि मातीच्या रस्त्यावर एक चक्कर मारायची. धूळ चिकटते, ती पुरते."

जेर्मेनचा चेहरा उतरला. ती काही वेडी नाही. "आणि ऑरेलच्या गाडीचं?"

"त्या लोखंडाला चालायचा."

"मग ती तुटली कशी?"

रोझेरने हातोडी बाकावर ठेवली. "मी गाडीखाली गेलोच नव्हतो, जेर्मेन. घरची गाडी, काय बघायचं, म्हटलं. एकदाही ठोकलं नाही. नुसतं स्टिकर चिकटवलं. तू लावलंस ते चांगलंच केलंस. चूक माझी, सगळी माझी."

जेर्मेनने आवाज चढवला नाही.

"एकोणीस वर्षं मी तुला जेवण पाठवतेय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "क्लोदेत, तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

ती पायी घरी गेली. मिरेयच्या गाडीचा रंग रोझेरने खरवडला तेव्हा खालून पोपडेच्या पोपडे पडले. चांगलं लोखंड लागेपर्यंत तो कापत गेला, मग जाड पट्ट्या जोडल्या. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पूर्ण चासी ठोकली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती चर्चच्या घंटेसारखी वाजली. मिरेय आता त्याच गाडीने नदीच्या वळणावरून जाते. रविवारचं सूप बंद झालं. चर्चमध्ये जेर्मेन आमच्या पलीकडच्या बाजूला बसते.

रोझेर मात्र ऑरेलच्या थडग्यावर जाऊन आला, त्याला पुरल्यानंतर पहिल्यांदाच. "लबाड म्हणत आलो मी त्याला," एवढंच बोलला आणि रडला. तेव्हापासून त्याला झोप लागते. सुटला तो, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

कारण रोझेर तिच्यासाठी खोटं बोलला हे जेर्मेनला सांगायचं तर रंगाने काय केलं तेही सांगावं लागेल, आणि ते मी मेले तरी सांगणार नाही. पण आणखी एक आहे, ते रोझेरलाही सांगितलेलं नाही. दोनदा ठोकलं, असं तो धिरड्यांच्या दिवशी म्हणाला होता. दोनदा नाही, तीनदा. मी काउंटरवर होते. तिसरा ठोका भद् वाजला आणि तो मी स्पष्ट ऐकला. ह्याच धंद्यात वाढलेय मी, मला तो आवाज झोपेतही कळतो. तो बाहेर येऊन हात पुढे करून उभा राहिला. मी गळ्यातल्या किल्लीने ड्रॉवर उघडला आणि स्टिकर त्याच्या हातात दिलं. घरचीच गाडी, म्हटलं, त्याचं तो बघेल.

परवा आम्ही जेवत होतो आणि पत्र्यावरून बर्फ घसरला. रोझेर खात राहिला, मी मात्र हातातला घास तसाच धरून थांबले, मान तिरकी करून. मग माझ्याकडे बघून उठला आणि त्याने दार उघडलं.

"बघ, क्लो," तो म्हणाला. "बर्फ आहे."